'दहा दिवस ठेवूनही कुत्री तशीच भुंकते' या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. तुमची पॉमेरेनियन चिनू दहा दिवस आमच्याकडे शिकायला राहिली आणि घरी आल्यावर बेल वाजताच पुन्हा दारावर धावून गेली. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीला तिचे दात लागले, ते तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. 'तिला कुणी एकदाही दटावलं नाही, मग शिकवलं काय?' असंही तुम्ही विचारलंय.

आधी आमची चूक. दात लागले त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन जायला हवा होता. गेला नाही, त्याला सबब नाही. माफ करा. चिनूचा त्यात काहीच दोष नव्हता. ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसली होती, सारखे ओठ चाटत होती, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसत होता. तरीही वरून हात घातला गेला. हेच एखाद्या मोठ्या कुत्र्याने केलं असतं, तर कुणाची हात पुढे करायची छाती झाली नसती. आता आमच्याकडे दार उघडून बाजूला बसायचं आणि कुत्र्याने आपणहून बाहेर यायचं, असंच चालतं.

दटावण्याबद्दल मात्र माझं मत बदलणार नाही. गुरगुरणं म्हणजे 'लांब राहा' असं सांगणं. ते दाबलं की सांगणं थांबतं, भीती आत तशीच राहते, आणि मग कुत्रं न गुरगुरता थेट चावतं.

बेलीचं चिनूच्या बाजूने बघा. बेल वाजते, ती भुंकते, पार्सलवाला निघून जातो. तो त्याच्या कामाने गेला, पण तिला वाटतं आपण हुसकावला! रोज हा धडा पक्का होत जातो. आम्ही बेलीचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावायचो आणि आवाज झाला की लगेच खाऊ द्यायचो. आधी आवाज, मग खाऊ. हा क्रम चुकवायचा नाही. सातव्या दिवशी बेल ऐकून ती दाराकडे न जाता माझ्याकडे वळून बघत उभी राहिली. पण ते दार आमचं होतं. राखायचं घर तिच्या लेखी तुमचं आहे, त्यामुळे हा सराव तिथे पुन्हा करावा लागतो. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं होतं. तिथेही मी कमी पडले.

बेल वाजली की तुम्ही तिला कडेवर घेऊन दार उघडता, असं तुम्ही बोलला होतात. तेवढं आजपासून थांबवा. कडेवर तिला पळता येत नाही, मग दात दाखवण्याशिवाय तिच्या हाती काय उरतं? बेल वाजायच्या आधीच तिला आतल्या खोलीत चघळायला काहीतरी द्या. खिडकीच्या खालच्या काचेला धूसर कागद लावा, म्हणजे बाहेरची माणसं तिला दिसणार नाहीत. आणि गळपट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, वापरा; पॉमेरेनियनची श्वासनलिका नाजूक असते.

अजून एक, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चालता चालता ती मागचा डावा पाय दोन पावलं उचलून धरते. लहान जातींमध्ये गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास बराच आढळतो. दुखत असेल तर सहनशक्ती कमी होणारच, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा.

त्यानंतर मी स्वतः तुमच्या घरी येऊन सराव घेईन, त्याचे पैसे नकोत. येताना बेल वाजवणार नाही, खालून फोन करेन.