स्टेजवर हळू वाजवा आणि गाणी कापा

गणपती तोंडावर आले की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतोच : "यंदा बाहेरचा ऑर्केस्ट्रा नको, आपलेच लोक वाजवतात की!" मग जमवाजमव सुरू. एक कीबोर्ड, एक गिटार, तबला, ऑक्टापॅड, कोणाचा तरी भाचा बेस वाजवतो, आणि गाणारे मात्र चौदा. हौस म्हणून याच्याइतकी छान गोष्ट नाही. पण अशा बऱ्याच कार्यक्रमांत समोर बसलेल्यांच्या कानावर नुसता गलका येतो आणि दोष गायकांच्या माथी जातो. माझं स्पष्ट मत आहे की हौशी बँड गाणी फार घेतो आणि स्टेजवर फार मोठ्याने वाजवतो. या दोन गोष्टी आवरल्या तर आहे त्याच माणसांत कार्यक्रम दुप्पट बरा होतो.

गाण्यांचा हिशेब आधी करू. साडेसातचा कार्यक्रम आठच्या आत सुरू होत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार ही मुदत बारापर्यंत वाढवू शकतं, पण यंदाचे दिवस कोणते हे जिल्हा प्रशासनाच्या यादीत बघा, चेअरमनच्या तोंडी भरवशावर राहू नका. म्हणजे हातात १२० मिनिटं. त्यातली २० दीपप्रज्वलन, सत्कार आणि शाल-श्रीफळाची. उरली १००. गाणं पाच मिनिटांचं, निवेदन आणि माइकची अदलाबदल धरून सहा. झाली सोळा गाणी! चौदा जणांना दोन-दोन द्यायची म्हणजे अठ्ठावीस, ते कसे बसणार? मग शेवटच्या अर्ध्या तासात अंतरे गाळायला लागतात, कुठला गाळायचा ते खुणांनी ठरतं, आणि तबलजी दुसऱ्या अंतऱ्यावर असताना कीबोर्डवाला शेवटच्या मुखड्यावर पोचलेला असतो. सोळातली आठ द्वंद्वगीतं घ्या, चोवीस जागा तयार होतात. आणि दोन गाणी 'वेळ गेला तर ही उडवायची' म्हणून यादीत आधीच खूण करून ठेवा. ती शेवटची नकोत, मधली हवीत, कारण शेवटचं गाणं सगळ्यांचं बसलेलं असतं.

आता पट्टी. मूळ गायकाच्याच पट्टीत गायचा हट्ट हौशी लोकांत फार. मुखडा कुणालाही झेपतो, अडतं ते अंतऱ्यात. त्यामुळे अंतऱ्यातला सगळ्यात वरचा सूर उभं राहून, पूर्ण आवाजात, लागोपाठ तीनदा लावून बघा. तिसऱ्या वेळी ताणावा लागला तर पट्टी अर्ध्या सुराने खाली. घरी बसून हळू आवाजात म्हटलेलं गाणं कुठल्याही पट्टीत सोपं वाटतं, ते धरू नका. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारची तालीम, गप्पा आणि एसी यांनी आवाज थकलेला असतो, हेही गणितात घ्या.

पट्टी बदलली की कीबोर्डवाला ट्रान्सपोज बटणाने (बोटं तीच ठेवून सगळे सूर वर-खाली सरकवणारं बटण) काम भागवतो, आणि स्टेजवर सर्वाधिक वेळा होणारा घोटाळा इथेच आहे. आधीच्या गाण्याचं अधिक दोन तसंच राहतं आणि पुढच्या गाण्याचा इंट्रो एका पट्टीत, बेस-गिटार दुसऱ्या. उपाय साधे आहेत. गाण्यांच्या यादीत प्रत्येक गाण्यापुढे ट्रान्सपोजचा आकडा जाड अक्षरात लिहायचा. रजिस्ट्रेशन मेमरी (कीबोर्डची जुळवाजुळव साठवून ठेवायची सोय) असेल तर आवाजांसोबत ट्रान्सपोजही त्यातच साठवायचं. आणि गाणं संपलं की टाळ्या चालू असतानाच आकडा शून्यावर आणायची सवय लावायची.

दुसरी अडचण कमी लक्षात येते. जुनी गाणी यूट्यूबवर लावून सोबत वाजवताना कीबोर्ड नेमका जुळत नाही, कारण टेपचा वेग थोडा इकडेतिकडे झालेला असतो. म्हणून कोणी तरी मास्टर ट्यूनिंग, म्हणजे अख्ख्या कीबोर्डचा मूळ सूर, हलवतो आणि विसरतो. कार्यक्रमाला गिटार ट्यूनरवर ४४० हर्ट्झला, कीबोर्ड ४४४ला. कुणाला नेमकं काय खटकतंय तेही सांगता येत नाही, नुसतं 'आज काही तरी बसत नाहीये' एवढंच. पेटी असेल तर उलट करा. पेटीचे सूर जागेवर हलवता येत नाहीत, म्हणून कीबोर्ड आणि गिटार पेटीला मिळवून घ्या. बासरीवाल्याला बासरी फुंकून गरम करू द्या आणि मगच सूर मिळवा, थंड बासरी खाली बोलते.

तबलजीवर तर पट्टीच्या बाबतीत कायम अन्याय होतो. लागोपाठची चार गाणी चार पट्ट्यांत दिली तर तो दोन मिनिटांत गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून करणार काय? एक तबला साधारण अर्धा ते एक सूर वर-खाली नीट बोलतो, त्यापुढे गोडवा जातो. पण एका तबल्यात बरंच काम होतं. पांढरी एकला (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला, म्हणजे 'सी'ला) लावलेला तबला पांढरी एकच्या गाण्याला षड्ज होतो, पांढरी चारच्या गाण्याला पंचम आणि पांढरी पाचच्या गाण्याला मध्यम. गाण्यांचा क्रम लावताना या तिन्ही पट्ट्यांची गाणी एकत्र ठेवली की बदल थेट मध्यंतरातच. क्रम ठरवायला तबलजीला बसवा, निवेदकाला नंतर.

संयोजनाबद्दल थोडंच. जुन्या हिंदी गाण्यांचं संगीत सॅबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या मुळच्या गोव्याच्या मंडळींनी कागदावर उतरवून व्हायोलिनच्या ताफ्यासाठी बांधलेलं. ते पाच माणसांत जसंच्या तसं येणार नाही, आणि कीबोर्डच्या दोन हातांत सगळं कोंबलं तर चिखल होतो. इंट्रोची ओळखीची ओळ, म्युझिकमधली एकच मुख्य धून आणि बेसची चाल, एवढं पुरतं. बेस गिटार असेल तर कीबोर्डवाल्याने डावा हात खाली नेऊ नये. खालचे सूर दोघांनी वाजवले की दोघेही ऐकू येत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, स्टेजवरचा आवाज. हॉल लहान, ड्रमसेट उघडा. ड्रमरला ऐकू येत नाही म्हणून गिटारवाला ॲम्प वाढवतो. गिटार डोईजड झाली म्हणून कीबोर्डवाला वाढवतो. मग गायिकेला स्वतःचा आवाज येत नाही, ती मॉनिटर (स्टेजवरचा, गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) वाढवायला सांगते, आणि माइक शिट्टी मारायला लागतो. साउंडवाला शेवटी जे त्याच्या हातात आहे तेच कमी करतो, म्हणजे गायिकेचा माइक. श्रोत्यांना गाणं सोडून बाकी सगळं ऐकू येतं.

म्हणून सुरुवात स्टेजवरून करायची. क्लबहाउसमध्ये ड्रमसेट आणूच नका, ऑक्टापॅड पुरे. त्याला स्वतःचा आवाज नसल्याने तो किती मोठा असावा हे मिक्सरवर ठरतं, हाच त्याचा मोठा गुण. ऑक्टापॅड आणि कीबोर्डवाल्यांनी कानात वायरचे इअरफोन घालावेत. दोन मॉनिटर वाचले की निम्मा गोंधळ वाचला. गिटारचा ॲम्प गुडघ्याकडे तोंड करून ठेवला तर वाजवणाऱ्याला कळत नाही तो किती मोठा आहे, त्यामुळे तो मागे कलवून कानाकडे तोंड करून ठेवा. तो आपोआप आवाज कमी करतो, सांगावंसुद्धा लागत नाही.

माइक कमी ठेवा. उघडे माइक दुप्पट केले की शिट्टी येण्याआधी मिळणारा आवाज साधारण ३ डेसिबलने घटतो. चौदा गायकांना चार माइक भरपूर, आणि गात नसेल त्याचा बंद. शुअर एसएम५८ १९६६ पासून बाजारात आहे आणि भाड्याच्या साउंडमध्ये बहुधा तोच, नाहीतर त्याची नक्कल मिळते. तो मागच्या बाजूने सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या शेपटीसमोर. बीटा ५८ सारख्या सुपरकार्डिऑइड माइकला मात्र ठीक मागून ऐकू येतं. त्याचे बहिरे कोपरे समोरून मोजले तर साधारण १२० अंशांवर, दोन्ही बाजूंना. त्याला मॉनिटर तिरके ठेवायचे. गायकांच्या दोन सवयी मोडायला हव्यात. एक, माइकची जाळी मुठीत धरणं. जाळी झाकली की माइकची दिशाच जाते आणि तो चहूकडचं ऐकतो. दुसरी त्याहून वाईट. म्युझिक चालू असताना हात खाली सोडायचा, माइकचं तोंड थेट मॉनिटरकडे. शिट्टी तिथेच! माइक छातीशी धरा.

साउंड चेक म्हणजे 'हॅलो हॅलो वन टू थ्री' नव्हे. गायकाने गाण्यातला सगळ्यात जोराचा भाग गायचा, तेव्हा गेन (माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती जोरात घ्यायचा ते बटण) असा लावायचा की मीटर शून्याच्या आसपास खेळेल आणि लाल दिवा पेटणार नाही. गाण्याच्या माइकला १०० हर्ट्झच्या खालचं कापायचं बटण दाबा, स्टेजच्या फळ्यांची धडधड तिथेच थांबते. मग मॉनिटर हळूहळू वाढवा. पहिली शिट्टी जिथे येईल तो सुरांचा पट्टा ग्राफिक इक्वलायझरवर (असे पट्टे एकेक करून वर-खाली करणारं यंत्र) ३ ते ६ डेसिबल खाली. असं दोनदा-तीनदा. त्यापुढे कापत राहिलात तर शिट्टीबरोबर गायकही जातो. इको फक्त बाहेरच्या स्पीकरला द्या, मॉनिटरला नको, आणि 'जरा इको वाढवा' म्हणणाऱ्या गायकाकडे गोड हसून काहीही करू नका. इकोने बेसूर झाकलं जात नाही, उलट ते दोनदा ऐकू येतं.

मागे बसलेल्यांची तक्रार आली की सगळे आवाज वाढवतात. त्याआधी स्पीकर उंच करा. भोंगा पुढच्या रांगेतल्या डोक्यांच्या वर असला पाहिजे, नाहीतर पुढचे लोक सगळा वरचा आवाज पिऊन टाकतात. स्पीकर माइकच्या पुढे, कधीही मागे किंवा बरोबरीने नको. आणि मिक्सरपाशी साउंडवाल्याशेजारी गाणी पाठ असलेला एक जण बसवा. आता गिटारचा तुकडा येतोय, आता बासरी, एवढंच त्याने बोटाने दाखवायचं. साउंडवाल्याला तुमची गाणी माहीत नसतात, आणि बासरीचा पहिला तुकडा बंद माइकवर वाजून जातो.

विजेकडे बहुतेक बँड पाहतच नाहीत. साउंडची आणि वाद्यांची सगळी जोडणी एकाच फेजवर हवी, आणि लायटिंग दुसऱ्यावर. गिटारचा ॲम्प एका फेजवर आणि मिक्सर दुसऱ्यावर असेल आणि अर्थिंग धड नसेल, तर एका हाताने गिटारच्या तारा धरून ओठ माइकला लावणारा माणूस दोघांच्या मध्ये येतो. ओठांना मुंग्या आल्या की 'जरा करंट येतोय' म्हणून हसण्यावारी नेऊ नका, वाजवणं थांबवा आणि मंडपाच्या वायरमनला बोलवा. लॅपटॉप जोडल्यावर येणारी घुंऽऽ घालवायला प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे शूर लोक आहेत. ती घुरघुर डीआय बॉक्सने (वाद्य आणि मिक्सर यांच्या मध्ये लावायची छोटी डबी) जाते, त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण त्यासाठीच असतं. गिटारची साधी वायर पाच-सहा मीटरच्या पुढे ताणली की वरचे सूर मरतात आणि घुरघुर वाढते. डीआयनंतर माइकची केबल लावून ३० मीटर नेली तरी काही बिघडत नाही. अडॅप्टर बदलताना नुसते व्होल्ट बघू नका. यामाहाच्या कीबोर्डच्या अडॅप्टरची मधली पिन धन असते, बॉसच्या पेडलची ऋण. पिशवीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येकावर चिकटपट्टी लावून वाद्याचं नाव लिहा.

राहिला कायदा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये हौशी क्लबला सूट आहे. प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेलं संगीताचं सादरीकरण उल्लंघन मानलं जात नाही. सोसायटीच्या गणपतीत किंवा कोजागिरीला वाजवणारे बहुधा यात बसतात. तिकीट लावलं, देणगी-प्रवेशिका काढल्या, की ही सूट गेली, आणि गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना घ्यावा लागतो. शिवाय ही सूट जिवंत वाजवण्यासाठी आहे. करोके ट्रॅक लावून गाणार असाल तर त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. नाट्यगृह बुक करणाऱ्यांनी परवान्याचे पैसे हॉलच्या भाड्याबरोबरच बजेटमध्ये धरावेत, कारण हॉलवाले परवान्याचा कागद मागतात तो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, आणि तोवर तिकिटं विकून झालेली असतात.