आज तुमचं तेरावं!

गेल्या रविवारी, म्हणजे १४ नोव्हेंबर २०२१ रोजी, संध्याकाळी सव्वापाच वाजता मला नाट्यगृहाच्या दारात अडवलं. प्रयोग आमच्याच हौशी संस्थेचा, नाटक मीच बसवलेलं आणि दारावरच्या फलकावर माझं नाव. आमच्या कार्यवाहांनी ते खडूने लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ घातला होता, पण नाव माझंच. आठवडा होत आला तरी माझा राग गेलेला नाही. घरचे म्हणतात, सोडून द्या. पण सोडायला आधी कुणी आत तरी सोडायला हवं होतं ना!

अडवणारे म्हणजे तिथले वॉचमन. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो. पन्नाशीचे, खाकी गणवेश, मास्क हनुवटीवर आणि हातात ते तापमान मोजायचं पिस्तूल. मामांनी पिस्तूल माझ्या कपाळाला लावलं, आकडा पाहिला, समाधान झालं नाही म्हणून मनगटाला लावलं.

"एकोणनव्वद. ओक्के."

"मामा, ८९ ला माणूस थंड पडतो," मी म्हणालो. "९५ च्या खाली गेलं तरी डॉक्टर धावाधाव करतात."

"ताप न्हाई ना? मग झालं. आमाला शंभराच्या वरचा धरायला सांगितलाय. खालच्याचं काय लिवल्यालं न्हाई."

म्हणजे पिस्तुलाच्या हिशोबाने मी गार पडलो होतो आणि त्यावर कुणाचीच हरकत नव्हती. हरकत निघाली ती पुढच्या टप्प्यावर. मी लसीचं प्रमाणपत्र दिलं. लॅमिनेट केलेलं. मामांनी ते एकदा सुलटं, एकदा उलटं करून पाहिलं, उजेडाकडे धरलं आणि दुसऱ्या डोसच्या तारखेवर अंगठा ठेवला. १ नोव्हेंबर. मग डाव्या हाताच्या करंगळीच्या तळच्या पेरापासून मोजायला सुरुवात केली. अंगठा एकेक पेर चढत होता, माझ्या मागे रांग वाढत होती.

"दोन तारखेला एक... तीनला दोन..." मधल्या बोटाशी गाडी अडखळली, पुन्हा करंगळीपासून सुरू झाली. शेवटी मामांनी मान वर केली आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला.

"साहेब, आज तुमचं तेरावं हाय."

रांगेत माझ्यामागे एक आजी होत्या. नातीचं काम बघायला आल्या होत्या. त्यांचा हात आपोआप पदराकडे गेला.

"चौदा दिवस पुरं लागत्यात," मामा म्हणाले. "कलाकार आन् संस्थेची मानसं, दोन डोस आन् वर चौदा दिवस. हितं लिवलंय." आणि खरंच लिहिलं होतं. नाट्यगृहाने नियमांची दीड हात लांब यादी दारावर चिकटवली होती. तिचा खालचा कोपरा कुणीतरी फाडून त्यावर फोन नंबर लिहून नेला होता, पण आमचं कलम शाबूत होतं.

"मामा, टोचलं तो दिवस धरा की! एक तारीख धरली तर चौदा होतात."

"तो दिवस कसा धरायचा? त्या दिवशी तुमी दुपारी टोचून घेतली असंल."

"सकाळी साडेदहाला."

"म्हंजी अर्धा दिवस गेला."

इथे आजींना राहवलं नाही. "अहो, पहिला दिवस धरतात हो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे ह्यांच्या वेळी गेल्याचा दिवस धरूनच तेरावं केलं होतं."

"आजी, ते गेल्याचं," मामा अतिशय आदराने म्हणाले. "हे टोचल्याचं."

यावर आजींना उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. आज आठवडाभर शोधतोय, अजून सापडलेलं नाही.

आता ते तेरावं माझ्या नशिबी कसं आलं, तेही सांगतो. मला मे महिन्यात कोरोना झाला. झाल्यावर तीन महिने लस घ्यायची नाही, असा नियम. म्हणून पहिला डोस ९ ऑगस्टला. दुसऱ्याचं अंतर जानेवारीत चार आठवड्यांचं होतं, मार्चमध्ये कोविशील्डसाठी ते सहा ते आठ आठवडे झालं आणि मेमध्ये बारा ते सोळा. मी जसजसा डोसाच्या जवळ जात होतो, तसतसा डोस पुढे सरकत होता. ८४ दिवस भरले त्या सकाळी मी केंद्रावर पहिल्या रांगेत उभा होतो. ८४ अधिक १४ म्हणजे ९८. प्रयोगाचा दिवस सत्त्याण्णवावा. इतका काटेकोर मी आयुष्यात कधी नव्हतो. वीजबिलसुद्धा मी शेवटच्या तारखेनंतर भरतो. एकदाच सगळं वेळेवर केलं आणि एका दिवसाने हुकलो.

"उद्या या की," मामा म्हणाले. "उद्या तुमाला कोन बी अडवनार न्हाई."

"उद्या काय आहे इथे?"

मामांनी वही पाहिली. "उद्या झाडलोट हाय."

मग मला वाटलं, यादीतच वाट असेल. होती! प्रेक्षकांसाठी दोन डोस किंवा मोबाइलवर आरोग्य सेतूचा हिरवा 'सुरक्षित' शेरा, एवढंच पुरत होतं. म्हणजे नाटक बसवणारा म्हणून मी धोकादायक आणि बघणारा म्हणून सुरक्षित. मी मोबाइल काढून हिरवा रंग मामांच्या नाकासमोर धरला.

"मग प्रेक्षक म्हनून या. तिकीट दावा."

तिकीट नव्हतं, कारण तिकिटं संपली होती. आमच्या संस्थेचा हा पहिला हाउसफुल्ल. इतकी वर्षं आम्ही निम्मं नाट्यगृह भरायला नातेवाइकांच्या हातापाया पडत आलो. सरकारने पन्नास टक्क्यांची अट घातली आणि आमचा निम्मा हॉल एका फटक्यात पूर्ण झाला. त्या रात्री कार्यवाहांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मात्र नाट्यगृहाने भाडं पूर्णच घेतलं. अर्ध्या खुर्च्यांचं अर्धं भाडं घ्या, असा अर्ज आम्ही केला, तर तोंडी उत्तर आलं की छप्पर अख्खंच वापरणार ना तुम्ही.

"एखाद्या फुलीवर बसतो," मी म्हणालो. खुर्चीआड खुर्ची चिकटपट्टीची फुली मारलेली होती.

"फुलीवर बसायचं न्हाई. ती मोकळी ठेवायला लावल्याती."

"मोकळ्या कुठे? सगळ्यांवर पिशव्या आहेत."

"पिशव्यांना तिकीट नसतं, साहेब."

इतक्यात पहिली घंटा झाली. नाटकवाल्याच्या अंगात त्या आवाजाने काय होतं ते मी इथे सांगत बसत नाही. तब्बल वीस महिन्यांनी मी ती ऐकत होतो. तीसुद्धा बाहेरून, पायऱ्यांवर उभं राहून, दूधवाला आतल्या घरातली बेल ऐकतो तशी.

त्या वीस महिन्यांबद्दल थोडं बोलू द्या. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं, ते बरोबरच होतं. माणसं मरत होती, तेव्हा नाटकाचा हट्ट कुणी धरला नव्हता. पण पुढे एकेक उघडत गेलं, त्याचा क्रम मी कॅलेंडरवर खुणा करून ठेवलाय. मे २०२० मध्ये दारूची दुकानं. ऑक्टोबरात हॉटेलं आणि बार. नाट्यगृहं ५ नोव्हेंबरला. योगायोगाने तो मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तो दिवस. कार्यवाहांनी लगेच शुभशकुन मानला आणि प्रयोगाची तारीख धरली ती एप्रिल २०२१ ची. एप्रिलमध्ये पुन्हा कुलूप. जूनमध्ये हॉटेलं पुन्हा सुरू झाली, ७ ऑक्टोबरला मंदिरं आणि २२ ऑक्टोबरला आम्ही. पहिल्या खेपेला आम्ही देवाच्या अकरा दिवस पुढे होतो, दुसऱ्या खेपेला पंधरा दिवस मागे पडलो. देवाशी माझं भांडण नाही. पण आमचे प्रेक्षक गप्प बसतात, एकाच दिशेला तोंड करून बसतात आणि आमच्याकडे घासाघासाला मास्क काढावा लागत नाही, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

तोवर आम्ही संस्था 'चालू' ठेवली. म्हणजे मोबाइलवर. कार्यवाहांचं म्हणणं, खंड पडू द्यायचा नाही. म्हणून दर शनिवारी झूमवर तालीम. फुकटातली मीटिंग चाळीस मिनिटांनी आपोआप तुटते, हे आम्हाला पहिल्याच तालमीत कळलं. नायकाने "मी तुला शेवटचं सांगतो..." म्हटलं आणि तो गेला. त्याला काय सांगायचं होतं ते पुढच्या शनिवारी समजलं. नांदी एकत्र म्हणायचा प्रयत्न केला. आवाज प्रत्येकाकडे वेगळ्या वेळी पोहोचत असल्याने नऊ जणांच्या नऊ नांद्या झाल्या आणि शेवटच्याची संपली तेव्हा पहिला जेवायला बसला होता. पेटीचा सूर धरून ठेवला की त्या यंत्राला तो पंख्याचा आवाज वाटायचा आणि ते तो गाळून टाकायचं. आमचे पेटीवाले तसे सोशिक, पण दीड महिना आपण पंखा समजले जातोय हे कळल्यावर त्यांनी तालमीला येणं बंद केलं.

या काळात एक कार्यक्रम आम्ही फेसबुकवर थेटही दाखवला. प्रेक्षक चौदा. त्यातले अकरा आम्हीच.

आणि हे सगळं हसण्यावारी नेतोय खरं, पण आमचे लाइट बघणारे आता लाइट बघत नाहीत. पोटासाठी त्यांनी निम्मे दिवे विकले आणि एका गोदामात रात्रपाळी धरली. रविवारी त्यांना बोलावलं, तर म्हणाले, बदली मिळत नाही. त्यांच्या जागी जो मुलगा आला त्याने पहिल्या अंकात अंधार करायचा तिथे उजेड केला. खंड पडू द्यायचा नाही म्हणे! खंड पडायचा तिथे पडून गेला होता. आम्ही मोबाइलवर एकमेकांना "आवाज येतोय का?" विचारत बसलो होतो.

असो. तिसरी घंटा झाली. मी इमारतीला वळसा घालून नेपथ्याचं सामान आत घेतात त्या मागच्या दाराशी गेलो. मामा तिथे खुर्ची टाकून बसले होते.

"मला वाटलंच तुमी हिकडं येनार," ते म्हणाले आणि दुसरी खुर्ची पुढे केली.

पहिला अंक मी त्या खुर्चीवर बसून भिंतीतून ऐकला. हशा कुठे येतो ते मोजत होतो. दोन ठिकाणी आला, तिथे विनोद नव्हता. मध्यंतरात प्रॉम्प्टिंग करणारी मुलगी बाहेर आली, माझी अवस्था पाहून हळहळली आणि म्हणाली, "सर, मी विंगेतून मोबाइलवर दाखवते." सवयीने तिने जुनीच लिंक पाठवली. शनिवारच्या तालमीची.

तर दीड वर्ष ज्या चौकोनात मी हे नाटक बसवलं, त्याच चौकोनात मी त्याचा दुसरा अंक पाहिला. रंगमंच चाळीस पावलांवर, मध्ये एक दार, दाराला मामा. थोड्या वेळाने मामांनी खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या खांद्यावरून पाहू लागले. मास्क या वेळी नाकावर घेतला, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या अंकात पोस्टमनची भूमिका माझी होती. चार वाक्यं. ती कोण करणार या काळजीने माझा जीव वर आला होता. त्यांनी काय केलं, पत्र दाराखालून आत सरकवलं. नायिकेने ते उचललं, वाचलं, नाटक पुढे गेलं. कुणालाही काही कमी वाटलं नाही. मामांनाही नाही. दारात अडवल्याचं मी कदाचित विसरेन, पण हे नाही विसरणार.

शेवटचा प्रवेश सुरू झाला. बाप घर सोडून निघालाय, मुलगी दाराला पाठ लावून उभी आहे, बाप पिशवी खाली ठेवतो, तोंड उघडतो... आणि चाळीस मिनिटं झाली.

पडदा काळा. मी आणि मामा त्यात आपापले चेहरे बघत राहिलो.

"फुडं?" मामांनी विचारलं.

"संपली मीटिंग."

"तसं न्हवं. बाप काय म्हनतो?"

मी सांगू लागलो. सांगता सांगता उभा राहिलो. मग बापाचं बोलून झालं आणि मुलीचंही बोलावं लागलं, कारण त्याशिवाय बापाला अर्थ येत नाही. सामानाच्या दारासमोर, दोन स्कूटरच्या मध्ये, मी तो अख्खा प्रवेश केला. एक कुत्रं उठून लांब जाऊन बसलं. मामा ढोपरांवर कोपरं टेकून ऐकत होते. पिस्तूल मांडीवर. मी शेवटचं वाक्य म्हटलं, तेवढ्यात आत टाळ्या वाजल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या, पण वेळ जुळली.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पिस्तूल खिशात घालत उठले.

"समदं झ्याक हाय," ते म्हणाले. "पर त्यो बाप जात न्हाई. घरात चार महिनं कोंडल्याला मानूस दार उघडं दिसल्यावर थांबतोय व्हय?"

आणि ते दरवाजे बंद करायला निघून गेले.

शेवट असा का, याचं कारण माझ्याकडे होतं. तो लिहिला तेव्हा घराबाहेर पडायची बंदी होती आणि बाप बाहेर गेला असता तर पोलिसांनी परत आणला असता. पण हे मामांना सांगायचं राहिलं. पुढचा प्रयोग जानेवारीत आहे. बापाला घालवायचा की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. मामांना तर अजिबात विचारणार नाही.