‘आधी कागद, मग लग्न’: हा मेसेज पुढे पाठवू नका

गेल्या रविवारी भाची एक छापील फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, यात लग्नाची तारीख कुठली टाकू गं?"

फॉर्म विवाह नोंदणीचा होता, नमुना ‘ड’. आणि तिचं लग्न अजून झालेलं नाही. साखरपुडा झालाय, मुलगा कॅनडात पर्मनंट रेसिडेंट आहे, लग्न हिवाळ्यात ठरलंय. तिने स्वतःचं नाव, जन्मतारीख, पत्ता पेनाने नीट भरला होता. तीन साक्षीदारांपैकी दोघांची नावं पेन्सिलने लिहिली होती. खाली पुरोहितांच्या सहीची जागा होती. ती सही ओळखीचे एक भटजी ‘करून देणार’ होते. तारखेचा रकाना तेवढा कोरा होता. जे घडलंच नाही त्याची तारीख काय लिहायची, हे त्या पोरीला सुचत नव्हतं, आणि तिला ते सुचत नव्हतं याचंच मला बरं वाटलं.

हे सगळं एका मेसेजमुळे. तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी तो काळजीपोटीच पाठवला, त्यांना दोष नाही. पण मेसेज फिरत फिरत माझ्या स्वतःच्या तीन ग्रुपवरही येऊन गेला आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: भारतातलं लग्न परदेशात धरत नाहीत, ते तिकडे जाऊन रजिस्टर करावंच लागतं. वेळ वाचवायला आधी कागदावर लग्न नोंदवा, विधी सावकाश करा. अमेरिकेतल्या युटा राज्यात घरबसल्या व्हिडिओवर लग्न होतं आणि ते सर्टिफिकेट जगभर चालतं. नाहीतर टुरिस्ट व्हिसावर जा आणि तिथेच नोंदणी करा. सर्टिफिकेट हातात आलं की जोडीदाराचा व्हिसा कुणी नाकारू शकत नाही. आणि विधी झालेलेच नसल्यामुळे, पुढे नाही जमलं तर घटस्फोट वगैरे काही लागत नाही, कागद आपोआप रद्द.

पहिला मुद्दा पटकन उडवते. बहुतेक देशांचं तत्त्व साधं आहे: लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने ते वैध असेल, तर ते वैध. अमेरिकेचं इमिग्रेशन खातं तेच बघतं. कॅनडा त्याला एक जोड देतं, की ते कॅनडाच्या कायद्यातही बसलं पाहिजे. ऑस्ट्रेलियात तर परदेशात झालेलं लग्न नोंदवून घ्यायची सोयच नाही, आणि आधीच कायदेशीर विवाहित असलेल्या जोडप्याला तिथे पुन्हा लग्न लावायला १९६१चा त्यांचा विवाह कायदा मनाई करतो. मग ‘तिकडे रजिस्टर करा’ म्हणजे नक्की कुठे? काही जण म्हणतात, तिथल्या भारतीय दूतावासात. तेही चूक. दूतावास ज्या कायद्याखाली लग्न नोंदवतो तो १९६९चा फॉरेन मॅरेज अ‍ॅक्ट परदेशात लागलेल्या लग्नांसाठी आहे. इथे भारतात लागलेलं लग्न तिथे नोंदवायचं नसतं.

यात अर्धं सत्य एवढंच, की काही देश आपल्या नागरिकांकडून तशी नोंद मागतात. जोडीदार फ्रेंच नागरिक असेल तर परदेशातलं लग्न फ्रेंच नोंदवहीत उतरवून घ्यावं लागतं. आणि हो, नुसते फोटो आणि पत्रिका कुठेच पुरत नाहीत, सरकारी प्रमाणपत्र लागतंच. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं सांगितलं, ते उगाच नाही. एखाद्या देशाला अपॉस्टिलचा, म्हणजे कागद अस्सल असल्याचा, शिक्का हवा असेल तर तोही इथेच, आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडून मिळतो. म्हणजे जे काही लागतं ते झालेल्या लग्नाचा पुरावा म्हणून लागतं.

आता ज्या मुद्द्याने माझी झोप उडाली त्याकडे येते. ‘आधी कागद, मग विधी.’

हिंदू विवाह कायदा १९५५चा. त्याचं सातवं कलम सांगतं की लग्न विधींनी लागतं, आणि सप्तपदी हा त्या विधींचा भाग असेल तर सातवं पाऊल पडल्यावर ते पूर्ण होतं. आठवं कलम नोंदणीचं. त्यातच पुढे लिहिलंय की नोंद केली नाही म्हणून लग्न अवैध ठरत नाही. सातनंतर आठ येतं. आधी लग्न लागतं, मग त्याची नोंद होते. नोंद करून लग्न लागत नाही.

हे माझं मत नाही. १९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने नेमक्या याच प्रकारावर निकाल दिला. प्रकरणातला मुलगा आणि मुलगी, दोघेही व्यावसायिक वैमानिक. मार्च २०२१ मध्ये साखरपुडा झाला. जुलै २०२१ मध्ये एका संस्थेकडून ‘लग्न लागलं’ असं प्रमाणपत्र घेतलं आणि त्यावर सरकारी नोंदणीही करून घेतली. खरा लग्नसोहळा ठरला होता ऑक्टोबर २०२२चा. तो झालाच नाही, कारण तोवर दोघांचं बिनसलं होतं. त्यानंतर घटस्फोटाचा अर्ज, पोटगीचा दावा, फौजदारी तक्रार, सगळं झालं. शेवटी दोघांनी मिळून न्यायालयाला सांगितलं की आमचं लग्न विधिवत लागलंच नव्हतं. न्यायालयाने ते लग्न कायद्याच्या दृष्टीने लग्नच नाही असं जाहीर केलं, संस्थेचं प्रमाणपत्र आणि सरकारी नोंदणी दोन्ही निरर्थक ठरवली.

त्या निकालात एक परिच्छेद असा आहे की तो प्रत्येक लग्नाळू मुलीच्या आईबापांनी वाचावा. मुलगा किंवा मुलगी परदेशात नोकरीला आहे, तिकडे स्थलांतराचा अर्ज लवकर करता यावा, वेळ वाचावा, म्हणून घरचेच लोक समारंभाआधी नोंदणीला तयार होतात, याची न्यायालयाने स्वतःहून नोंद घेतली आणि त्यावर स्पष्ट नापसंती दाखवली. पुढे विचारलं: नंतर लग्न लागलंच नाही तर? या दोघांना मग काय म्हणायचं? ते नवरा-बायको ठरतात का?

हाच प्रश्न मी भाचीला विचारला. ती गप्प बसली.

आता या निकालाच्या प्रकाशात मेसेजचं शेवटचं वाक्य वाचा. ‘नाही जमलं तर कागद आपोआप रद्द.’ या दोघांना त्या कागदातून सुटायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. जुलै २०२१ ते एप्रिल २०२४, पावणेतीन वर्षं. तेही दोघांचं एकमत झालं म्हणून, आणि न्यायालयाने राज्यघटनेच्या १४२व्या कलमाखालचा आपला खास अधिकार वापरला म्हणून. समोरचा म्हणाला असता की विधी झाले होते, हे बघा भटजींची सही, हे बघा तीन साक्षीदार, तर? मुलीने स्वतःच्या सहीने सरकारला लिहून दिलंय की अमुक तारखेला माझं लग्न झालं. आता तिने उलटं सिद्ध करायचं. नाहीतर रीतसर घटस्फोट. तो घ्यायचा तर सर्वसाधारणपणे लग्नाला एक वर्ष होईपर्यंत अर्जच करता येत नाही, आणि परस्पर संमतीचा असला तरी आधी वर्षभर वेगळं राहिल्याचं दाखवावं लागतं. न लागलेल्या लग्नाचा घटस्फोट! आणि दहा वर्षांनी ती कुठल्याही देशाचा व्हिसा अर्ज भरेल तेव्हा ‘यापूर्वी विवाह झाला होता का’ हा रकाना असेल. तिथे खरं काय लिहायचं, हे तिलाही सांगता येणार नाही.

मुलाचं काय बिघडतं? फार थोडं. तो तिकडे नोकरीत असतो. इकडे मुलगी ‘लग्न झालेली’ म्हणून अडकते. हा मेसेज लिहिणाऱ्याने हे वाक्य लिहिताना एका तरी मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला होता का?

शिवाय कागद खोटा असेल तर व्हिसाचाही उपयोग नाही, उलट नुकसान. कॅनडात जोडीदाराला बोलावून घ्यायच्या, म्हणजे जोडीदार-प्रायोजकत्वाच्या, अर्जात नात्याबद्दलचा एक लांबलचक फॉर्म असतो. कधी भेटलात, कुणी ओळख करून दिली, समारंभ झाला का, कुठे झाला, कोण कोण हजर होतं. भाचीला म्हटलं, इथे काय लिहिशील? सर्टिफिकेट जूनचं, फोटो डिसेंबरचे. मुलाखतीत विचारलं, लग्न कधी झालं, तर तुझ्या तोंडून डिसेंबरच येणार, कारण तुझ्या मनात लग्न तेव्हाच झालेलं असेल. माहिती खोटी दिली असं ठरलं तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं. सहा महिने वाचवायला पाच वर्षं पणाला लावायची?

युटाचं व्हिडिओवरचं लग्न. तिथल्या एका काउंटीत असं लग्न होतं, हे खरं. पण ‘जगभर चालतं’ हे धादांत खोटं. कॅनडाने ११ जून २०१५ पासून प्रतिनिधीमार्फत, फोनवर, फॅक्सवर, इंटरनेटवर लावलेली लग्नं इमिग्रेशनसाठी बाद केली आहेत. त्यांच्या लष्करातल्या लोकांना मोजकी सूट आहे. खुद्द अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा म्हणतो की दोघं एकमेकांसमोर प्रत्यक्ष हजर नसतील, तर त्यानंतर प्रत्यक्ष सहवास झाल्याशिवाय ते पती-पत्नी मानले जाणार नाहीत. म्हणजे ज्या देशाचं सर्टिफिकेट, त्याच देशाच्या व्हिसाला ते जसंच्या तसं चालत नाही.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन लग्न करणं बेकायदा नाही, हे मान्य करते. पण व्हिसा घेताना ‘फिरायला जातेय’ म्हणायचं आणि मनात तिथेच राहायचं असायचं, हे अधिकाऱ्याला फसवणं आहे. अमेरिकेत पोचल्यावर ९० दिवसांच्या आत असं लग्न करून तिथेच राहिलं, तर तुम्ही येतानाच खोटं बोललात असं गृहीत धरलं जाऊ शकतं. अमेरिकन नागरिकाच्या वाग्दत्त वधूसाठी वेगळा व्हिसा असतो आणि त्यावर गेल्यावर ९० दिवसांत लग्न करायचं असतं. पण तुम्ही इथे आधीच कागदावर विवाहित झालात, की तो रस्ताही तुम्हीच बंद केलात. ही गोष्ट मेसेजमध्ये कुठेच नाही.

‘सर्टिफिकेट असलं की व्हिसा नाकारता येत नाही’ यावर काय बोलायचं? लग्न खरं नसेल किंवा मुख्यतः तिकडे जाण्यासाठीच केलेलं असेल, तर कायदेशीर प्रमाणपत्र असूनही कॅनडा ते नाकारू शकतं. अमेरिकेत इमिग्रेशनसाठी बनावट लग्न केल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे.

मग ज्यांना खरोखरच घाई आहे त्यांनी काय करायचं? सरळ मार्ग आहे आणि तो १९५४ पासून आहे. विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर दोघांनी प्रत्यक्ष उभं राहून एकमेकांचा स्वीकार करत असल्याचं तोंडाने बोलायचं आणि सह्या करायच्या. तिथे ते बोलणं हेच लग्न. प्रमाणपत्रावरची तारीख खरी असते. मांडव, अक्षता, जेवणावळी नंतर हव्या तेव्हा करा. मात्र त्या दिवसापासून तुम्ही पूर्णपणे विवाहित आहात, हे मुलीला आणि तिच्या आईवडिलांना नीट ठाऊक असलं पाहिजे.

भाचीच्या घरी दोन्ही कुटुंबांची बैठक झाली. मुलगा डिसेंबरात येतोय. लग्न लागेल आणि त्याच आठवड्यात नमुना ‘ड’ भरायचा. महाराष्ट्रात त्यासाठी ९० दिवसांची मुदत आहे, मुलगा परत जायच्या आत ते सहज होतं. होणाऱ्या सासूबाईंना मी तो निकाल वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि भटजींना स्वतः फोन करून नको म्हणून सांगितलं.

आणि ज्यांनी असा कागद आधीच करून ठेवला आहे, त्यांनी तो व्हिसा अर्जाला जोडण्याआधी कौटुंबिक कायद्याचा वकील गाठा. विधी अजून व्हायचे असतील तर त्याला ते सगळं खरं खरं सांगा. एजंटाला विचारू नका. बऱ्याचदा तो कागद त्यानेच सुचवलेला असतो.