अमेरिकेतली मोठी सरकारी विद्यापीठं ‘सगळी सारखीच’ नसतात

मुलांना पदवीसाठी अमेरिकेत पाठवू पाहणाऱ्या पालकांमध्ये एक मजकूर फिरत असतो. त्यात चार गोष्टी छातीठोकपणे सांगितलेल्या असतात. तिथली मोठी सरकारी विद्यापीठं सारखीच, म्हणून रँकिंगमध्ये वर असेल ते घ्या. तिथल्या गर्दीत मुलाला कोणी विचारत नाही. सरकारी आहेत, म्हणजे स्वस्त. आणि एकदा आत शिरलं की हवा तो मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, नंतर घेता येतो. चारही विधानांत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती खरी वाटतात. शेवटच्या विधानाने होणारं नुकसान मात्र सगळ्यात मोठं आहे.

आधी रँकिंग. ‘यूएस न्यूज’ या अमेरिकी प्रकाशनाच्या विद्यापीठ-यादीत २० टक्के गुण इतर विद्यापीठांच्या अध्यक्षांच्या, प्रोव्होस्टांच्या (शैक्षणिक कारभाराच्या प्रमुखांच्या) आणि डीनच्या मतावर ठरतात. २०२३ मध्ये या यादीने वर्गाचा आकार हा निकषच काढून टाकला, आणखीही काही निकष बदलले आणि बरीच सरकारी विद्यापीठं एकदम वर सरकली. बदललं होतं मोजमाप. शिकवणं जिथल्या तिथे होतं. २०१९ मध्ये तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसचा क्रमांकच काढून घेतला गेला, कारण माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांचे आकडे आपण चुकीचे दिले होते असं विद्यापीठानेच कळवलं. त्याने बर्कलीचा गणित विभाग काही कच्चा झाला नाही. पाचवं आणि ऐंशीवं यांतला फरक यादी थोडाफार सांगते. विसावं की सव्विसावं, हे तिच्यावरून ठरवू नये.

गर्दीचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसच्या किंवा केमिस्ट्रीच्या व्याख्यानाला शेकडो मुलं असू शकतात, आणि छोट्या तुकड्या बहुतेकदा पीएचडीचे विद्यार्थी घेतात. पण मोठं असणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन कॅम्पसवर २०१२ च्या सुमारास जेमतेम निम्मी मुलं चार वर्षांत पदवी घेत होती. विद्यापीठाने कोण मागे पडू शकेल हे आधीच हेरलं, अशा मुलांना लहान गटांत घेतलं, सल्लागार दिले, आणि २०१८ पर्यंत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास नेलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा सॅन डिएगो कॅम्पस आठ छोट्या कॉलेजांत विभागलेला आहे, तर अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात निवडक विद्यार्थ्यांसाठी बॅरेट ऑनर्स कॉलेज आहे. तेव्हा एकूण विद्यार्थिसंख्या पाहू नका. ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं कोष्टक बहुतेक विद्यापीठं दर वर्षी प्रसिद्ध करतात. त्यात किती वर्ग २० पेक्षा लहान, किती १०० पेक्षा मोठे, आणि चार व सहा वर्षांत किती जण पदवी घेतात, हे सगळं मिळतं. विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तरावरून वर्ग केवढा असेल हे कळत नाही. या कोष्टकावरून कळतं.

स्वस्त? त्या राज्याच्या रहिवाशांना. मिशिगन विद्यापीठात राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याची वर्षाची ट्यूशन (शिक्षण शुल्क) ६० हजार डॉलरच्या घरात आहे, रहिवाशाच्या तिपटीहून अधिक. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाने मात्र २०१३ पासून मूळ ट्यूशन गोठवून ठेवली. बाहेरच्या राज्यातल्यांना तिथे वर्षाला सुमारे २९ हजार डॉलर पडतात, परदेशी विद्यार्थ्यांना थोडे अधिक. दोन्ही सरकारी, दोन्ही मोठी, दोन्हीकडे इंजिनिअरिंग उत्तम, आणि चार वर्षांत लाखभर डॉलरचा फरक. अमेरिकी सरकारची आर्थिक मदत परदेशी मुलांना मिळत नाही, हेही त्या मजकुरात नसतं.

आता मेजर. हा सल्ला कधीकाळी बऱ्याच ठिकाणी चालायचा. बर्कलीच्या ‘लेटर्स अँड सायन्स’ या कॉलेजात (विद्यापीठाच्या एका विद्याशाखेत) आधी प्रवेश घ्यायचा, ठरलेल्या विषयांत ३.३ जीपीए (४ पैकी सरासरी गुण) मिळवायचा, की कॉम्प्युटर सायन्स घेता येई. २०२३ च्या फॉलपासून (ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रापासून) तिथे या मेजरला अर्जाच्या वेळीच प्रवेश देतात. वॉशिंग्टन विद्यापीठाचं अ‍ॅलन स्कूल, म्हणजे तिथला कॉम्प्युटर सायन्स विभागही, मुख्यतः शाळेतून थेट मुलं घेतं. नंतर आत जायला फार थोड्या जागा उरतात. इलिनॉयच्या अर्बाना-शॅम्पेनमध्येही दुसऱ्या मेजरमधून कॉम्प्युटर सायन्समध्ये उडी मारता येईल असं धरून चालू नये. टेक्सास ए अँड एम आणि पर्ड्यू इथली पद्धत आणखी वेगळी: इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सामाईक, शाखा त्यानंतर, आणि मागणी असलेल्या शाखेसाठी त्या वर्षाचे गुण महत्त्वाचे.

म्हणजे एकाच मुलीला एका ठिकाणी हवा तो विषय हातात घेऊन सुरुवात करता येते, दुसरीकडे वर्षभर स्पर्धा करावी लागते, आणि तिसरीकडे दार बंदच असतं. तीन ऑफर लेटरं शेजारी ठेवली तर वरच्या नावापलीकडे ही ओळ वाचा: प्रवेश विद्यापीठात मिळालाय, कॉलेजात मिळालाय, की मेजरमध्ये? उत्तर स्पष्ट नसेल तर त्या विभागाच्या सल्लागाराला ईमेल करून विचारा की मेजर बदलायला कोणते विषय आणि किती जीपीए लागतो, आणि गेल्या वर्षी अर्ज केलेल्यांपैकी किती जणांना जागा मिळाली. बहुतेक ठिकाणी होकार कळवण्याची मुदत १ मे असते; लेखी उत्तर त्याआधी हातात हवं.