‘पेलोटन’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

पेलोटन साहेब (की मॅडम, टोपणनावावरून कळायला मार्ग नाही), एवढा वेळ काढून लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. मनापासून. कमेंटखालीच दोन ओळी टाकणार होतो पण दोनाच्या वीस झाल्या म्हणून ही वेगळी पोस्ट.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. १ मार्च २०२५ला मी ‘फेब्रुवारीअखेर कोण किती पाण्यात’ म्हणून रोड सायकलिंगमधल्या पंधरा रायडर्सची यादी टाकली होती. पहिला पोगाचार, दुसरा टॉम पिडकॉक, तिसरा विंगेगार्ड. त्यावर पेलोटन यांचं म्हणणं असं की पिडकॉक विंगेगार्डच्या वर हा विनोद आहे कारण पिडकॉकने जिंकलेल्या सौदी अरेबियातल्या आलुला टूरमध्ये समोर कोणी नव्हतं, मॅथ्यू व्हॅन डर पूल यादीतच नाही, कुठल्या रेसला किती गुण धरले ते मी सांगितलेलं नाही, यूसीआयचं (सायकलिंगच्या जागतिक संघटनेचं) रँकिंग असताना हा उद्योग कशाला, आणि स्पेनमधल्या रुता देल सोलला मी वर्ल्डटूर (रेसची सगळ्यात वरची श्रेणी) म्हटलंय ते चूक. आणि शेवटी हे: ‘जानेवारी-फेब्रुवारीत जिंकणारे जुलैत दिसत नाहीत, हे दोन दिवस सायकलिंग बघितलेल्यालाही कळतं. आकडे जुळवून कोणी जाणकार होत नाही.’ (जुलै म्हणजे टूर द फ्रान्स, आमच्यात नुसतं ‘टूर’, सगळ्यात मोठी रेस.)

रुता देल सोलचं बरोबर आहे तुमचं. ती प्रोसिरीजची, म्हणजे एक पायरी खालची रेस आहे, वर्ल्डटूर नाही. माझी चूक, दुरुस्त केली, यादीत त्याने एकाचाही नंबर बदलला नाही. बघा, चूक असली की मी मान्य करतो, मला त्यात कमीपणा वाटत नाही.

आता ‘दोन दिवस’.

मला राग आलेला नाही, फक्त तुम्ही हे कोणाला म्हणताय ते माहीत असावं म्हणून सांगतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये ग्रुप राइडला माझं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाला घासलं आणि उजव्या बाजूची कॉलरबोन मोडली. सहा आठवडे हात गळ्यात. काही करता येत नव्हतं म्हणून दिसेल ती रेस बघत बसलो. त्यात पॅरिस-नीस होती, मार्चमधली फ्रान्सची अनेक टप्प्यांची रेस, शेवटच्या दिवशी कोल देझची टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध), साडेनऊ किलोमीटरचा चढ, विगिन्स आणि लिउवे वेस्ट्रा यांच्यात काही सेकंदांचा खेळ. विगिन्सने तो दिवस दोन सेकंदांनी मारला आणि अख्खी रेस आठ सेकंदांनी. आठ सेकंद ऐकून तुम्ही म्हणाल थोडक्यात वाचला, पण मी त्याचे खांदे बघत होतो. शेवटच्या किलोमीटरला माणूस संपला की आधी खांदे डुलायला लागतात, मग डोकं, गुडघे सगळ्यात शेवटी. विगिन्सचे खांदे टेबलावर ठेवल्यासारखे होते. मी डाव्या हाताने, कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात, वहीत लिहिलं की हा जुलैत जिंकणार. मग तो रोमांदी आणि दोफिने या टूरआधीच्या दोन्ही रेस जिंकला आणि टूरही जिंकला. ती वही अजून आहे माझ्याकडे आणि तिच्यानंतरच्या सगळ्या वह्याही आहेत. दर वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या टूर डाउन अंडरपासून सुरुवात, कोण कुठल्या चढावर किती सेकंदांनी सुटला, कोण ग्रुपमध्ये राहूनही दात विचकत होता, सगळं हाताने लिहिलेलं. म्हणजे दोन दिवस नाही, तेरा वर्षं.

बरं, ‘जुलैत दिसत नाहीत’ म्हणजे कोण दिसत नाही? काँटादोर २००७ मध्ये पॅरिस-नीस जिंकला आणि त्याच वर्षी टूर. बर्नाल २०१९ मध्ये तेच. पोगाचार २०२१ मध्ये फेब्रुवारीत यूएई टूर, मार्चमध्ये इटलीतली तिरेनो, जुलैत टूर. हे सगळे दिसले की जुलैत, चांगले पिवळ्या, म्हणजे विजेत्याच्या जर्सीत दिसले.

तुम्ही दिलेली उदाहरणंही बघू, पळ काढला असं नको. रिची पोर्ट. २०१४ ते २०१९ सलग सहा वर्षं डाउन अंडरमधला विलुंगा हिलचा टप्पा त्याने मारला आणि टूर कधी जिंकला नाही, हे खरं. पण २०१७ मध्ये तो डाउन अंडर जिंकला, रोमांदी जिंकला आणि टूरमध्ये माँ द्यू शाच्या उतारावर पडला. उतारावर पडणं हा जानेवारीतल्या फॉर्मचा दोष आहे का? दुसरं उदाहरण किंताना २०२०. फेब्रुवारीत प्रोव्हान्स जिंकला, नंतर आल्प-मारितिम जिंकला, मार्चमध्ये पॅरिस-नीसचा शेवटचा टप्पा जिंकला, आणि मग कोरोनामुळे सगळं बंद. त्या वर्षी टूर सुरू झाला २९ ऑगस्टला! फेब्रुवारीचा फॉर्म ऑगस्टअखेरपर्यंत फ्रीजमध्ये ठेवता येत नाही हो. आणि तिसरं, ज्यावर तुमचा फार भर आहे, २०२३ मध्ये विंगेगार्ड पॅरिस-नीसमध्ये पोगाचार आणि गोदूच्या मागे तिसरा आला आणि जुलैत पोगाचारला साडेसात मिनिटांनी हरवलं. मधल्या काळात लिएजच्या रेसमध्ये पडून पोगाचारचं मनगट मोडलं ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. शिवाय त्याच फेब्रुवारीत विंगेगार्डने स्पेनमधली ग्रान कामिन्यो रेस एकहाती लुटली होती, बर्फामुळे एक टप्पा रद्द झाला, उरलेले तिन्ही त्याचे. माझ्या त्या वर्षीच्या वहीत फेब्रुवारीअखेर तो पहिला आहे. म्हणजे उदाहरण तुमचं आणि फायदा माझा.

आणि मुळात, कान देऊन ऐका, यादी जुलैची नव्हतीच. शीर्षकातच फेब्रुवारीअखेर लिहिलंय. आज कोण कसा चालतोय एवढंच ती सांगते. जुलै तुम्ही आणलात, मी नाही.

पूर्वीचं एक चित्र अजून लोकांच्या डोक्यात बसलंय, की मोठे रायडर थंडीत खाऊन-पिऊन सुटतात, उलरिचसारखे, आणि मार्चपर्यंत शर्यतींमध्येच वजन उतरवतात. तेव्हा तुमचं वाक्य चाललं असतं. आता थंडीतच स्पेनमधल्या तेइदेवर किंवा सिएरा नेवादाला जाऊन उंचीवर राहतात, जेवण ग्रॅमवर मोजतात, आणि वर्षाच्या पहिल्याच रेसला तयार होऊन येतात. गेल्या वर्षी पोगाचारने सीझन सुरूच केला इटलीतल्या स्त्रादे बियांकेला, २ मार्चला, आणि पहिल्याच दिवशी ८१ किलोमीटर एकटा जाऊन जिंकला. त्याला वॉर्मअप म्हणायचं?

गेल्या वर्षीचंच आणखी एक. स्टीफन विल्यम्स जानेवारीत डाउन अंडर जिंकला तेव्हा मी त्याला सहावा नंबर दिला होता आणि तेव्हाही एकाने (तुम्हीच होता का? शैली ओळखीची वाटतेय) लिहिलं होतं की ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यात कोणीही जिंकतं. एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या फ्लेश वालोनला पाऊस-बर्फात फक्त ४४ जण शेवटपर्यंत पोचले आणि त्यात पहिला कोण होता ते बघून घ्या. आयझॅक देल तोरो त्याच डाउन अंडरमध्ये तिसरा आला होता, विशीतलं पोरगं, प्रो म्हणून पहिलीच रेस. त्याचंही नाव वहीत आहे, दोनदा अधोरेखित. बघत राहा.

यूसीआय रँकिंगबद्दल एवढंच, की ते मागच्या ५२ आठवड्यांचं असतं. टूर जिंकल्याचे १३०० गुण पुढच्या फेब्रुवारीतही खात्यात पडून असतात. मग आज कोण चालतोय ते त्यातून कसं कळणार? व्हॅन डर पूल फेब्रुवारीत रोडवर उतरलाच नव्हता, जो आलाच नाही त्याला हजेरी लावू का? ४ मार्चला आला, ल सामँ ही रेस जिंकला, पुढच्या यादीत असेल. गुण कसे धरले ते सवडीने टाकेन. समोर कोण होतं याचा हिशोब मी मनात धरतोच, त्याची कोष्टकं मांडत नाही.

राहता राहिला पिडकॉक. संघ बदलून क्यू३६.५ मध्ये, म्हणजे दुसऱ्या फळीत गेल्यावर ‘आता संपला’ म्हणणारे कमी नव्हते. आलुलात हरात उवैरिदच्या चढावर त्याने काय केलं ते तुम्ही बघितलंत का? तीन किलोमीटरला थोडा कमी, सरासरी १२ टक्क्यांच्या आसपास. असल्या चढावर समोर कोण आहे याने फार फरक पडत नाही, चढ तोच असतो. मीही हौशी रेस केल्यात, सात वर्षं, आणि सीझनच्या पहिल्या रेसला एका फालतू टेकाडावर तिसऱ्या लॅपला ग्रुप माझ्यापासून असा सुटला की समोरच्याच्या चेनचा आवाज आधी ऐकू यायचा बंद झाला आणि मग तो दिसायचा बंद झाला. त्या दिवशी मला कोणी ‘समोर कोणी नव्हतं’ म्हटलं असतं तर. असो. विंगेगार्ड पोर्तुगालची आल्गार्व्ह रेस जिंकला, मान्य, शेवटच्या टाइम ट्रायलला मारली त्याने, पण त्याच रेसमधल्या फोइयाच्या चढावर जिंकला यान क्रिस्टन, आणि विंगेगार्डसारख्याने तिथे मागे राहणं मला खटकलं. म्हणून तिसरा. एका नंबरचा फरक आहे, इस्टेट लिहून मागितलेली नाही.

आणि तुमची कमेंट गुरुवारची. शनिवारी, म्हणजे काल, स्त्रादे बियांके झाली. पोगाचार डांबरी उतारावर घसरला, जर्सी फाटली, खांदा सोलवटला, पिडकॉक पुढे होता आणि तो थांबला, त्याच्यासाठी वेग कमी केला. नंतर कोले पिंझुतोच्या पांढऱ्या मातीवर पोगाचारने त्याला सोडलं आणि जवळजवळ दीड मिनिटाने जिंकला. दुसरा पिडकॉक. माझ्या यादीतला पहिला आणि दुसरा, त्याच क्रमाने. तुमच्याकडून त्यावर अजून काही आलेलं नाही, बिझी असाल.

आजपासून पॅरिस-नीस आहे, विंगेगार्ड त्यात आहे. जिंकला तर वर जाईल, यादी दगडावर कोरलेली नाही. मतभेद असू द्या, कमेंट उघड्या आहेत, फक्त पुढच्या वेळी ‘दोन दिवस’ वगैरे न लिहिता आकडे घेऊन या. तेच जे जुळवून कोणी जाणकार होत नाही.

पहिला टप्पा सुरू व्हायला वीस मिनिटं आहेत, वही शोधतोय.