चिनी पोरं रट्ट्यावर आयेल्ट्स काढतात म्हणे

गेल्या आठवड्यात ते फॉरवर्ड मला तीन ग्रुपवर आलं, एकदा मावसभावाकडून, एकदा कॉलेजच्या ग्रुपवर आणि एकदा चक्क सोसायटीच्या पाण्याच्या ग्रुपवर, म्हणजे हद्दच झाली. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चिनी मुलांना शाळेत इंग्रजी शिकवतच नाहीत, तरी तीन महिन्यांत आयेल्ट्सला (परदेशी शिकायला जाताना द्यावी लागते ती इंग्रजीची परीक्षा) नऊपैकी सात बँड घेऊन लंडनला पोचतात. कसं? तर त्यांच्या लिपीतली पन्नास हजार चित्रं पाठ असल्याने त्यांची मेमरी जबर, रोज तीनशे शब्द घोकतात, पेपर आधीच हातात असतो, निबंध साच्यातून काढतात, आणि चिनी व्याकरण इंग्रजीसारखंच असल्याने बाकी काही करावं लागत नाही. शेवटी आपल्या पोरांना उपदेश, क्लासला पैसे घालवू नका, रट्टा मारा. खाली एका स्कोअरकार्डाचा अर्धवट कापलेला फोटो, ओव्हरऑल ७.

मी मास्टर्सला तीन वर्षं चीनमध्ये नानजिंगला होतो. लॅबमधली निम्मी पोरं बाहेर जायच्या तयारीत असायची, आणि त्यातल्या एकीशी माझा सौदा ठरला होता, तिने माझी एचएसकेची, म्हणजे चिनी भाषेच्या परीक्षेची, तयारी करून घ्यायची आणि मी तिचं इंग्रजी स्पीकिंग. त्यामुळे हे फॉरवर्ड वाचून गप्प बसवेना. एकेक मुद्दा घेतो.

पहिलं, शाळेत इंग्रजी नाही म्हणे. अरे, २००१ पासून तिकडे तिसरीपासून इंग्रजी सुरू करायचं धोरण आहे, मोठ्या शहरांत तर पहिलीपासूनच. बारावीनंतरची ती प्रसिद्ध कॉलेज प्रवेश परीक्षा गाओखाओ, बहुतेक प्रांतांत ७५० मार्कांची, त्यात चिनीला १५०, गणिताला १५० आणि परकीय भाषेलाही १५०, आणि परकीय भाषा म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठी इंग्रजी. पुढे कॉलेजात इंग्रजीच्याच परीक्षा, सीईटी-४ आणि सीईटी-६ (आपल्या सीईटीशी काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं), पहिली १९८७ पासून चालू आहे, दोन्ही जून आणि डिसेंबरमध्ये होतात, ७१० मार्कांपैकी, आणि लिसनिंगला अख्खा वर्ग रेडिओवाले हेडफोन कानाला लावून बसतो. म्हणजे ते जे ‘तीन महिने’ दिसतात ना, ते दहा-बारा वर्षांनंतरचे शेवटचे तीन महिने असतात. हा मुद्दा इथेच संपला.

दुसरं, मेमरी आणि शब्द. पन्नास हजार चित्रं कोणालाच पाठ नसतात. चीन सरकारची २०१३ ची प्रमाण यादी आहे त्यात सगळी मिळून ८१०५ अक्षरं, आणि त्यातली रोजच्या वापरातली म्हणून पहिल्या गटात ३५००. ती पण पोरं शाळेत वर्षानुवर्षं लिहून लिहून शिकतात, एका उन्हाळ्यात नाही. आणि समजा पाठ असली तरी त्याचा ‘फोटोग्राफ’ आणि ‘फोटोग्राफी’मध्ये जोर कुठे द्यायचा याच्याशी काय संबंध?

शब्द घोकतात हे मात्र खरंय, नाकारत नाही. पण घोकण्याचं काय होतं यावर त्यांच्यातच एक जुना जोक आहे. शब्दांच्या याद्या एबीसीच्या क्रमाने, त्यामुळे सुरुवातीलाच भेटतो ‘अबँडन’, म्हणजे सोडून देणे. दर सुट्टीत पोरं नव्या जोमाने पुस्तक उघडतात, अबँडन पाठ करतात आणि पुस्तक अबँडन करतात. माझ्या लॅबमेटच्या पुस्तकाची पहिली वीस पानं काळी झालेली आणि पुढची कोरी करकरीत, आपल्याकडच्या गाईडांसारखीच की.

बरं, घोकून उपयोग होतो तो कुठे, तर रीडिंगला. चीनमधल्या मुलांचे रीडिंगचे आकडे चांगले येतात, घसरतात ते स्पीकिंग आणि रायटिंगला. त्यांच्याकडे त्याला शब्दच आहे, ‘याबा यिंग्यू’, म्हणजे मुकं इंग्रजी. आता फॉरवर्डमधला फोटो बघा, ओव्हरऑल ठेवलाय आणि बाकीचे चार आकडे कापलेत. माझ्या लॅबमेटचा पहिला निकाल सांगतो: लिसनिंग ७.५, रीडिंग ८.५, रायटिंग ६, स्पीकिंग ५.५. बेरीज २७.५, भागिले चार ६.८७५, जवळच्या अर्ध्यावर न्यायचं म्हणजे ७. झाला की ओव्हरऑल सात! पण तिला हव्या असलेल्या कोर्सची अट होती ओव्हरऑल ६.५ आणि कुठलाही भाग ६ च्या खाली नको. त्या एका साडेपाचने सगळं अडवलं. पोरं याला ‘श्याओफन’ म्हणतात, छोटे मार्क, आणि झोप उडते ती या छोट्या मार्कांनी. ती त्या दिवशी कँटीनमध्ये नूडल्सचा वाडगा समोर ठेवून अर्धा तास नुसती बसून होती, आणि इकडे आपले लोक असल्याच कार्डाचा फोटो ‘बघा कसे जिंकतात’ म्हणून फिरवतायत.

तिसरं, पेपर आधीच हातात. हे पूर्ण खोटंही नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. परीक्षा देऊन आलेली पोरं आठवतील ते प्रश्न लिहून टाकतात, त्या संग्रहाला ‘जीजिंग’ म्हणतात, म्हणजे मशीनची पोथी, कारण कॉम्प्युटरवर परीक्षा व्हायला लागल्या तेव्हापासूनचा शब्द. जीआरईच्या (अमेरिकेत मास्टर्स-पीएचडीला जाणारे देतात ती परीक्षा) बाबतीत हे इतकं वाढलं की २००२ मध्ये चीन, हाँगकाँग, तैवान आणि कोरियात कॉम्प्युटरवरची जीआरई बंद करून परत कागदावर आणली. म्हणजे शॉर्टकट चालला की परीक्षा घेणारे सगळ्यांचीच गैरसोय करून तो बुजवतात.

आयेल्ट्सच्या स्पीकिंगचे विषय एका साठ्यातून येतात आणि तो साठा जानेवारी, मे, सप्टेंबरमध्ये थोडा थोडा बदलतो, हे सगळ्यांना माहीत असतं. बदलाचे महिने आले की तयारी करणाऱ्यांची तारांबळ बघण्यासारखी. या मंडळींना ‘खाओया’ म्हणतात, म्हणजे भाजलेलं बदक! आयेल्ट्सला चिनीत म्हणतात ‘यास’, परीक्षा देणे म्हणजे ‘खाओ’, ‘खाओ’ला ‘यास’मधला ‘या’ जोडला की उच्चार बीजिंगच्या त्या फेमस बदकासारखा होतो. आणि केंब्रिज या नावाचं चिनी भाषांतर अक्षरशः ‘तलवार-पूल’, त्यामुळे केंब्रिजच्या सराव पुस्तकांना पोरं नुसतं तलवार म्हणतात, तलवार ९ झाली, तलवार १४ चालू आहे. बदकं तलवारी घेऊन लायब्ररीत बसलेली, असं ते एकंदर चित्र.

तर विषय माहीत असतात, मग पोरं काय करतात, एकच गोष्ट अशी तयार करतात की दहा कार्डांना चालेल (स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात विषयाचं कार्ड देतात, एक मिनिट तयारी करून त्यावर दोन मिनिटं बोलायचं). माझ्या लॅबमेटची होती आजीची. आजी आणि डम्पलिंग. तुम्हाला आवडणारी व्यक्ती सांगा, आजी. एखादं कौशल्य सांगा, आजीने शिकवलेले डम्पलिंग. लक्षात राहिलेलं जेवण, तेच. जुना फोटो, फोटोत आजी डम्पलिंग करतेय. ऐतिहासिक ठिकाण सांगा म्हटलं तर आजीला घेऊन तिथे गेलो आणि येताना डम्पलिंग खाल्ले. मी मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावायचो, मग ती दोन मिनिटं न अडखळता बोलायची, कुठे हसायचं तेही ठरलेलं. आणि मग मी तिसऱ्या भागातला, म्हणजे चर्चेचा, प्रश्न टाकायचो, आजकालची तरुण मंडळी घरी स्वयंपाक कमी करतात त्याचा कुटुंबावर काय परिणाम होतो असं वाटतं? की संपलं. आधी शांतता, मग ‘हाऊ टू से’, मग परत शांतता. आत्ता दोन मिनिटं धो धो बोलणारी हीच का ती, असं वाटायचं. समोर माणूस बसलेला असतो हो, अकरा ते चौदा मिनिटं, त्याला पाठ केलेलं आणि सुचलेलं यातला फरक कळत नसेल का? कीर्तनाला बसलेल्या आजोबांनाही कळतं की बुवा आज पाठ करून आलाय.

चौथं, साचे. ‘विथ द रॅपिड डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी’, ‘अॅज इज नोन टू ऑल’, ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’. ही तीन वाक्यं तिच्या प्रत्येक निबंधात, विषय प्लास्टिकचा असो की प्राणिसंग्रहालयाचा. तपासणाऱ्याने त्या दिवशी हे किती वेळा वाचलं असेल विचार करा. आयेल्ट्सच्या मार्किंगच्या निकषांत उत्तर पूर्णपणे पाठ केलेलं निघालं तर थेट बँड शून्य आहे, कोरा पेपर दिल्यासारखं. पूर्ण शून्य क्वचितच कोणाला मिळत असेल, पण साचा टाकला की मधला स्वतःचा भाग वेगळा उठून दिसतो, पैठणीला गोधडीचं ठिगळ लावल्यासारखा, आणि २५० शब्दांतले साठ-सत्तर साच्यातच गेले तर स्वतःचं म्हणणं मांडायला उरतात किती? तिने साचे सोडले तेव्हा सुरुवातीला निबंध आणखी वाईट झाले, महिनाभर. मग सुधारले.

पाचवा मुद्दा सगळ्यात हसवणारा, चिनी व्याकरण इंग्रजीसारखं. कर्ता-क्रियापद-कर्म हा क्रम सारखा आहे, मान्य. तिथेच सारखेपणा संपतो. चिनीत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, ‘काल’ म्हटलं की झालं, जाणे ते जाणेच राहतं. अनेकवचन बहुतेक वेळा लावत नाहीत. ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ नाहीतच (ते आपल्याकडेही नाहीत म्हणा). आणि बोलताना तो, ती, ते सगळ्याला एकच ‘था’, लिहिताना अक्षरं वेगळी पण उच्चार तोच. त्यामुळे तिची आजी दोन मिनिटांत चारदा इंग्रजीतला ‘ही’, म्हणजे ‘तो’, व्हायची, ‘माय ग्रँडमदर, ही इज व्हेरी काइंड’. व्याकरण विचारलं तर तिला अचूक येत होतं, लेखी परीक्षेत एक चूक नाही, तोंड उघडलं की निसटायचं. आपण गेला-गेली-गेलं करत क्रियापदालाही लिंग चिकटवतो, त्यामुळे हा त्रास काय असतो ते आपल्याला कळणारच नाही.

पण काही खड्डे सामायिक आहेत. चिनीत ‘जरी’ म्हटलं की पुढे ‘तरी’ लागतंच, ‘कारण’ म्हटलं की ‘म्हणून’. मग ती लिहायची ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट आय वेंट’. मी मोठ्या रुबाबात ‘बट’ खोडलं, आणि त्याच आठवड्यात सरांनी माझ्या ड्राफ्टमध्ये तीच चूक काढली, कारण आपलंही जरी-तरीच ना.

आणि आकडे! हे तर मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्याकडे दहा हजाराला ‘वान’ म्हणतात आणि पुढची मोजणी त्यावर, म्हणजे शून्यं चार-चारच्या गटात, इंग्रजीत तीन-तीनच्या, आपल्याकडे हजारानंतर दोन-दोनच्या. तक्त्यात २३ वर चार शून्यं दिसली की ती मनात म्हणणार तेवीस वान आणि तोंडातून येणार ‘ट्वेंटी-थ्री थाउजंड’, एक शून्य गायब. मी मनात म्हणणार दोन लाख तीस हजार आणि मग बोटं मोजत ‘टू हंड्रेड थर्टी थाउजंड’. दोघं समोरासमोर बसून एक आकडा, दोघांच्या डोक्यात वेगळं भाषांतर, आणि रायटिंगच्या पहिल्या भागात बहुतेक वेळा आलेख नाहीतर तक्ताच असतो. आम्ही पंधरा दिवस रोज रात्री फक्त आकडे म्हणत होतो, लायब्ररीवालीने दोनदा हाकललं.

उच्चाराचं पण असंच. मँडरिनमध्ये शब्दाचा तुकडा संपतो तो स्वर, न, ङ नाहीतर र वर, त्यामुळे शेवटचा ‘स’ किंवा ‘ड’ कानालाच पडत नाही. लिसनिंगमध्ये ‘स्टुडंट्स’ ऐकून ‘स्टुडंट’ लिहिलं की मार्क गेला. फॉरवर्डवाले ‘चिनी’ असं सरसकट म्हणतात पण कँटोनीजमध्ये शेवटी प, त, क येतात, हाँगकाँगच्या पोराच्या अडचणी वेगळ्या. नानजिंगच्या जुन्या बोलीत तर न आणि ल एकच, शहराचं नावच ‘लानजिंग’ ऐकू येतं, त्याचा चिनीत अर्थ निळा देवमासा, म्हणून तिथली पोरं गंमतीने शहराला देवमासाच म्हणतात. अशा पोराला ‘नाइट’ आणि ‘लाइट’ वेगळे काढायला लावा, मग कळेल मेमरी कुठे कामाला येते ते.

राहिला उपदेश, आपणही रट्टा मारा. ज्या गोष्टीने तिचे सहा महिने खाल्ले तीच आपण तिकडून आयात करायची? आपली पोरं कुठे अडतात ते आधी बघा, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ला एकच व, रीडिंगमध्ये वेळ पुरत नाही, लिहिताना दहा ओळींचं वाक्य (हो, माझ्यासारखं). तिने दुसऱ्यांदा परीक्षा दिली तेव्हा आजीला घरी ठेवलं होतं. कार्ड आलं, ज्याच्याकडून काही शिकलात अशा माणसाबद्दल बोला, आणि तिने तयारी नसताना माझ्याबद्दल सांगितलं, एक भारतीय आहे, शून्यं दोन-दोन मोजतो, चिनी बोलताना सगळे सूर चुकवतो आणि तरी बोलत राहतो. स्पीकिंगला ६.५ आले. फोन करून सांगितलं तेव्हा खूश होती, मग जरा थांबून म्हणाली, एक गडबड झाली, बाहेर आल्यावर लक्षात आलं की पूर्ण वेळ मी तुला ‘शी’ म्हणत होते.