जीवाणूंचे अळीनाशक: खरी मदार आठवड्याच्या फेरीवर

मलेरियाच्या डासांविषयी बोलताना धूरफवारणीचाच आग्रह धरला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. धुराने उडते डास मरतात. पाण्यातल्या अळ्यांना त्याची झळही लागत नाही. अळी पाणी सोडून कुठेही जाऊ शकत नाही, त्यामुळे तिला तिथेच गाठणे शहाणपणाचे आहे.

अळ्या मारण्यासाठी वापरला जाणारा, बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचा इस्रायलेन्सिस हा उपप्रकार, म्हणजेच बीटीआय, १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातील एका डबक्यात सापडला. बीजाणू तयार होताना हा जीवाणू प्रथिनांचे स्फटिक बनवतो. अळीने ते गिळले की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात ते विरघळतात, आतड्याच्या पेशींना भोके पडतात आणि साधारण दिवसभरात अळी मरते. माणसांना, गुराढोरांना आणि माशांना त्याचा अपाय होत नाही. डासांच्या जवळच्या काही माश्यांच्या अळ्यांना मात्र जास्त मात्रेचा फटका बसतो, हे लपवू नये.

अडचण औषधात नाही, ते वापरण्याच्या शिस्तीत आहे. उन्हाने आणि तळाशी बसल्याने बीटीआयचा जोर बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो, आणि उबदार पाण्यात अंड्यापासून डास व्हायलाही तेवढाच अवधी पुरतो. म्हणूनच दर आठवड्याला फेरी मारून औषध पुन्हा टाकावे लागते. कोषावस्थेतील डास काहीच खात नाही, म्हणून उशिरा टाकलेली मात्रा त्याच्यापुरती वाया जाते. पांढऱ्या डिपरने, म्हणजे लांब दांड्याच्या पळीने, पाणी उचलून पाहिले तर मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनोफेलिस डासाची अळी पृष्ठभागाशी समांतर, आडवी पडलेली दिसते, तर क्युलेक्स या दुसऱ्या प्रकारच्या डासाची अळी डोके खाली करून लोंबकळते. अ‍ॅनोफेलिस वरच्या थरातच चरते, तेव्हा लगेच बुडणारे औषध तिच्या तोंडी लागणार कसे?

लायसिनिबॅसिलस स्फेरिकस हा दुसरा जीवाणू घाण पाण्यात जास्त दिवस टिकतो, पण त्याची मदार मुख्यतः एकाच विषावर असल्याने काही ठिकाणच्या क्युलेक्स डासांत प्रतिकार निर्माण झाला. बीटीआयमध्ये अनेक विषे एकत्र असल्याने तसे होणे बरेच अवघड आहे.

टांझानियातील दार-एस-सलाम शहरात वस्तीतल्याच माणसांकडून नियमित फेऱ्या करून घेतल्या गेल्या, आणि मलेरिया घटलेला दिसला. पावसाळ्यात जिथे गुरांच्या खुराच्या प्रत्येक ठशात पाणी साचते, तिथे हे जमणार नाही. जागतिक आरोग्य संघटनाही डासांची पैदास मोजक्या, ठरावीक आणि सापडण्याजोग्या जागी होत असेल तिथेच, आणि तेही मच्छरदाणी व घरातील फवारणीच्या जोडीला, हा उपाय सुचवते. म्हणून माझी मागणी एवढीच, की अळीनाशकाच्या खरेदीबरोबर फेरी करणाऱ्यांचे वेतन आणि औषध टाकण्याआधीच्या व नंतरच्या अळ्यांची नोंद यांचीही तरतूद त्याच अंदाजपत्रकात व्हावी.